शेतातील बिनतारी यंत्रे : प्रमाणपत्र कशाचे, एरियल कोणते?

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या हमरस्त्याने चाकूरच्या आसपास फिरणाऱ्या कोणासही विहिरींवरील मोटारपेट्यांवर अलीकडे एक नवी वस्तू दिसेल. ती म्हणजे वीतभर लांबीची, काळ्या आवरणातील एक काडी. कोठे ती घरबसल्या मोटार चालू-बंद करणाऱ्या यंत्राची असते, कोठे ठिबकच्या झडपा उघडणाऱ्या यंत्राची, तर कोठे जमिनीतील ओल सांगणाऱ्या खुंटीची. २०१९ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कुसुम योजनेखाली जे सौर पंप बसले, त्यांच्या नियंत्रकपेटीतही दुरून देखरेख करण्याची बिनतारी सोय ठेवणे आवश्यक करण्यात आले. म्हणजे ज्यांनी असे यंत्र मुद्दाम विकत घेतलेले नाही, त्यांच्याही शेतात ते येऊन पोचले आहे. या काडीस नवी पिढी अँटेना म्हणते. जुन्या मंडळींच्या तोंडी असलेला शब्द एरियल. आम्ही येथे तोच वापरीत आहोत.

या सर्व यंत्रांच्या पोटात टपाल तिकिटाएवढी, पत्र्याची टोपी घातलेली एक डबी असते. तिला रेडिओ मॉड्यूल म्हणतात. डबीवर बारीक अक्षरांत काही क्रमांक व शिक्के असतात, आणि विक्रेता ते दाखवून सांगतो की, ‘माल प्रमाणित आहे, काळजी नको.’ हे सांगणे खोटे नसते. परंतु ते अर्धेच असते. डबीला मिळालेले प्रमाणपत्र हे विशिष्ट एरियल जोडून केलेल्या चाचणीचे प्रमाणपत्र असते. एरियल बदलले की त्या कागदाचा आधार ढळतो. आणि शेतात यंत्र चालेल की नाही हे तर डबीपेक्षा एरियलवरच अधिक अवलंबून असते. म्हणून आमचे मत असे आहे की, बिनतारी यंत्र घेणाऱ्याने पहिला प्रश्न एरियलविषयी विचारावा, विकणाऱ्याने त्याचे उत्तर लेखी द्यावे, आणि सार्वजनिक पैशांतून खरेदी करणाऱ्यांनी त्याची परीक्षा उभ्या पिकात घ्यावी.

एरियल हा विषय आपल्या खेड्यांस अगदी नवा नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ-शेतकरी मंडळांचा प्रयोग केला, तेव्हा गावकरी रेडिओभोवती जमून शेतीच्या वार्ता ऐकत व त्यांवर चर्चा करीत. त्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. तरी घराच्या माळवदावर दोन बांबूंच्या मध्ये ताणलेली तार आपल्याकडील वृद्धांच्याही स्मरणात आहे. पुढे दूरदर्शन आले, आणि ॲल्युमिनियमच्या आडव्या कांड्यांचे एरियल अंबाजोगाईच्या मनोऱ्याकडे तोंड करून फिरविण्यात घरोघरच्या मुलांचे रविवार गेले. परंतु ती सर्व यंत्रे केवळ ऐकणारी होती. ऐकणाऱ्याचे एरियल वाईट असले तर नुकसान त्याचे एकट्याचे. आजचे शेतातील यंत्र ऐकते तसे बोलतेही. बोलणाऱ्याचे एरियल चुकले तर त्याचा उपद्रव शेजाऱ्यासही पोचतो. प्रमाणपत्राचा प्रश्न उद्भवतो तो येथेच.

चाकूर तालुक्यातील एका बागायतदारांच्या शेतावर आम्ही जे पाहिले, त्यावरून ही गोष्ट स्पष्ट होईल. त्यांची विहीर राहत्या वस्तीपासून सुमारे एक किलोमीटरवर, सखल भागात आहे. तेथे मोबाईलचा संदेश नीट पोचत नाही, म्हणून त्यांनी सिमकार्डाचे यंत्र न घेता दोन डब्यांची बिनतारी जोडी घेतली. एक वस्तीवर, एक विहिरीवरील लोखंडी पेटीत. एरियलची काडी पेटीच्या माथ्यावर बाहेर बसविलेली होती. फेब्रुवारीत ऊस लहान असताना यंत्र उत्तम चालले. रात्रीच्या वीजपाळीत विंचूकाट्याच्या भयाने बॅटरी घेऊन विहिरीवर जाणे थांबले, यातच त्यांना पैशांचे चीज झाल्यासारखे वाटले. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली, उसाला पाण्याची निकड लागली, आणि नेमके तेव्हाच यंत्र दहातून सात वेळा मुके राहू लागले.

त्यांनी शहरातील बाजारातून ‘बारा डेसिबलचे जोरदार’ म्हणून सांगितलेले एक लांब एरियल आणले. ते आट्यांवर व्यवस्थित बसले. परंतु यंत्र आता दहातून सात वेळाच नव्हे, तर प्रत्येक वेळी मुके राहिले. आणि आठवड्याभराने डबीच कायमची बोलेनाशी झाली. विक्रेत्याने हात वर केले : एरियल तुम्ही बदललेत, आमची हमी संपली. बागायतदारांचा आम्हांस प्रश्न होता, ‘कागद हाय, शिक्का हाय, मंग मोटार का चालू होईना?’ प्रश्न साधा होता, आणि त्याचे उत्तर त्यांना यंत्र विकत देतेवेळीच मिळावयास हवे होते.

तपासणीत तीन गोष्टी आढळल्या. पहिली, मूळ दोष एरियलच्या जातीचा नसून जागेचा होता. उसाची हिरवी, पाण्याने भरलेली पाने काडीच्या वर गेली होती आणि ती लहरी शोषून घेत होती. दुसरी, आणलेले एरियल वस्तुतः घरातील वायफायसाठी बनविलेले होते. ते २,४०० मेगाहर्ट्झचे, तर यंत्र ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलणारे. तिसरी, त्याचे कनेक्टर उलट्या जातीचे होते. बाहेरचे आटे सारखेच असल्याने ते घट्ट बसले, परंतु यंत्राच्या बाजूस मधोमध छिद्र होते व एरियलच्या बाजूसही छिद्रच होते. पिन कोठेच नव्हती. विद्युत्‌दृष्ट्या एरियल जोडलेलेच नव्हते. एरियलवाचून प्रक्षेपक चालविला की बाहेर जाऊ न शकलेली शक्ती उलट फिरते आणि नाजूक भाग निकामी होण्याचा संभव असतो. येथे तसेच घडले.

उपाय स्वस्तात झाला. नवी डबी व तिच्या निर्मात्याने सांगितलेलेच मूळ जातीचे एरियल घेतले. डबी प्लॅस्टिकच्या पाणीरोधक पेटीत घालून जस्ताच्या पाइपावर पाच मीटर उंच बसविली. एरियल व डबी यांच्यामध्ये वीतभरच केबल ठेवली, आणि मोटारीच्या स्टार्टरपर्यंत साध्या नियंत्रक तारा खाली आणल्या. त्यानंतर उसाची तोडणी होईपर्यंत यंत्राने दगा दिला नाही. बारा डेसिबलच्या वस्तूवर घातलेला पैसा मात्र वाया गेला, आणि उसाच्या दोन पाळ्या चुकल्या त्या चुकल्याच.

आता या प्रमाणित डबीचे स्वरूप समजून घेऊ. बिनतारी यंत्र बाजारात आणण्यापूर्वी ते ठरलेल्या पट्ट्यातच बोलते की नाही, ठरलेल्याहून अधिक शक्ती फेकते की काय, पट्ट्याबाहेर कचरा टाकते की काय, याची प्रयोगशाळेत चाचणी करावी लागते. चाचणी खर्चाची व वेळेची असते. पुण्यात अथवा लातूरच्या औद्योगिक वसाहतीत दोन-चार कामगार घेऊन पंपनियंत्रक बनविणाऱ्या लहान कारखानदाराला प्रत्येक नमुन्यासाठी हा खर्च झेपणारा नसतो. म्हणून डबी बनविणारी मोठी कंपनी ती आधीच तपासून घेते व लहान कारखानदार ती तयार डबी आपल्या यंत्रात बसवितो. व्यवस्था चांगली आहे. तिच्यामुळेच शेतीची बिनतारी यंत्रे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. आमचा आक्षेप या व्यवस्थेवर नाही. तिचा अर्थ सोईस्करपणे विसरला जातो, यावर आहे.

प्रमाणित बियाण्याचे उदाहरण घ्यावे. पिशवीला शिवलेली निळी खूणचिठ्ठी त्या पिशवीतील, त्या लॉटच्या बियाण्याविषयी बोलते. सोयाबीनचे किमान ७० टक्के उगवण ही हमी त्याच बियाण्यापुरती असते. पिशवी फोडून त्यात घरचे दाणे मिसळले, तर चिठ्ठी तीच राहील, पण तिचे बोलणे संपेल. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी गावोगाव झाल्या, तेव्हा चिठ्ठी व पावती जपून ठेवण्याचे मोल सर्वांना कळले. डबी व एरियल यांचेही असेच आहे. डबीची चाचणी ज्या एरियलसह झाली, ते एरियल पिशवीतील बियाणे आणि डबीवरील शिक्का म्हणजे चिठ्ठी. आपण बियाणे बदलून चिठ्ठी दाखवीत राहतो.

अमेरिकेत याविषयी स्पष्ट नियम आहे. तेथे प्रमाणित डबीला चाचणीतील एरियलच्याच जातीचे आणि तेवढ्याच किंवा कमी गेनचे दुसरे एरियल लावले तर चालते. जात बदलली किंवा गेन वाढला तर पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. ग्राहकाने वाटेल ते एरियल लावू नये म्हणून तेथील नियमाने एरियल कायमचे जोडलेले असावे किंवा जोडणी वेगळ्या घडणीची असावी, असेही बंधन घातले. आपल्या बागायतदारांना नडलेले उलटे कनेक्टर बाजारात आले ते या बंधनातूनच. युरोपात २०१४ च्या रेडिओ उपकरणविषयक निर्देशानुसार तयार यंत्राची जबाबदारी ते आपल्या नावाने विकणाऱ्यावर असते. आतील डबी प्रमाणित होती, एवढ्यावर त्याची सुटका होत नाही.

आपल्या देशात १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगण्यास बंदी घातली होती. २०२३ सालचा दूरसंचार कायदा २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला आहे. वारंवारतांचे नियोजन १९५२ साली स्थापन झालेली बिनतारी नियोजन व समन्वय शाखा पाहते. ती केंद्राच्या दूरसंचार विभागाकडे आहे. लहान यंत्रांसाठी परवान्याची अट काही पट्ट्यांत शिथिल केलेली आहे. २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा असा खुला झाला व २०२१ साली तो ८६८ पर्यंत वाढविण्यात आला. २००५ च्या नियमाने प्रक्षेपकाची शक्ती अधिकात अधिक १ वॅट, एरियलमधून प्रभावीपणे बाहेर पडणारी शक्ती ४ वॅट आणि वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ अशी मर्यादा घातली. परवाना लागत नसला तरी यंत्राच्या नमुन्याला त्या शाखेची उपकरण प्रकार मान्यता लागते; तीच ही ईटीए. २०१९ पासून अशा अनेक यंत्रांसाठी ही मान्यता सरळ संचार या संकेतस्थळावर स्वयंघोषणेने मिळू लागली. याशिवाय काही वर्गांच्या दूरसंचार उपकरणांना दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राची चाचणी २०१९ पासून क्रमाक्रमाने सक्तीची होत गेली.

या नियमांतील दोन आकडे शेतकऱ्याने लक्षात ठेवावेत. एक प्रक्षेपकाच्या शक्तीचा, दुसरा एरियलमधून बाहेर पडणाऱ्या शक्तीचा. कायदा केवळ डबीकडे पाहत नाही. डबी व एरियल मिळून आकाशात काय टाकतात, हे तो पाहतो. म्हणून एरियल बदलणे ही कायद्याच्या दृष्टीने किरकोळ बाब नाही.

खुल्या पट्ट्याला गावच्या गायरानाची उपमा शोभेल. गायरानात सर्वांची जनावरे चरू शकतात, पण कोणीही ते नांगरून घेऊ नये असा संकेत असतो. खुल्या पट्ट्याच्या अटीही अशाच तीन आहेत : इतरांना व्यत्यय आणू नये, स्वतःला व्यत्यय आल्यास संरक्षण मागू नये, आणि पट्टा सर्वांनी मिळून वापरावा. एकाच शिवारात आज चार यंत्रे आहेत, उद्या चाळीस होतील. प्रत्येकाने दुसऱ्यावर मात करण्यासाठी आवाज चढविला तर कोणाचेच ऐकू येणार नाही. क्षीण लहरींचे मोल जाणणारे लोक या बाबतीत किती दक्ष असतात ते जुन्नर तालुक्यातील खोडद येथे दिसते. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाची ३० एरियले आहेत, आणि जागा निवडताना मानवनिर्मित बिनतारी गोंगाट कमी असणे हेही एक कारण होते. आपल्या शेतातील यंत्राला तारे ऐकावयाचे नाहीत. पण शेजाऱ्याच्या बडबडीतून मोटारीचा हुकूम ऐकावयाचा आहे, हे खरे.

याहून गंभीर चूक पट्ट्याची होते. परदेशी संकेतस्थळावरून स्वस्तात मागविलेल्या संचांत पुष्कळदा अमेरिकेसाठी बनविलेली डबी येते. तिचा पट्टा ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ. तो अमेरिकेत खुला आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झमध्ये मोबाईल फोन मनोऱ्याशी बोलतात. म्हणजे अशी डबी शेतात बसविणारा मनुष्य नकळत गावच्या मनोऱ्याच्या कानाशी ओरडत असतो, आणि त्याचा त्रास आजारी माणसासाठी वाहन बोलावू पाहणाऱ्या शेजाऱ्याला होऊ शकतो. डबीवर अमेरिकेचा एफसीसी शिक्का असेल, युरोपचा सीई शिक्का असेल; त्यांपैकी कोणताही आपल्याकडील मान्यतेच्या जागी चालत नाही. देशोदेशीच्या मर्यादाही भिन्न आहेत. युरोपात ८६८ च्या आसपासच्या बहुतेक लहान यंत्रांना २५ मिलिवॅटचीच मुभा असते. आपल्याकडील मुभा त्याहून कितीतरी मोठी आहे. तेव्हा परका कागद ना आपल्या कायद्यास पुरतो, ना आपल्या गरजेस.

गेन म्हणजे काय, याविषयीही बाजारात बराच भ्रम आहे. एरियल नवी शक्ती निर्माण करीत नाही. पाण्याच्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की पाणी तेवढेच राहते, पण धार लांब जाते व फवारा अरुंद होतो. गेन तसाच आहे. तीन डेसिबल गेन म्हणजे धारेच्या दिशेने दुप्पट जोर, सहा म्हणजे चौपट. एक वॅटच्या डबीला साध्या द्विध्रुव एरियलच्या तुलनेत सहा डेसिबलचे एरियल लावले की ४ वॅटची मर्यादा गाठली गेली. शेतातील बहुतेक डब्या दशांश वॅटच्या आसपासच्या असल्याने त्यांना कायद्यात बरीच मोकळीक उरते; परंतु ती मोकळीक कागदावर यावयास हवी, म्हणजे निर्मात्याने मोठ्या एरियलसह चाचणी करून ते एरियल आपल्या यादीत घातले पाहिजे. शिवाय अरुंद धारेचे एरियल एका दिशेलाच बोलते. एका विहिरीवरून एकाच वस्तीशी बोलावयाचे असेल तर ते उपयोगी. मध्यभागी बसून चारी दिशांच्या खुंट्यांची वार्ता गोळा करणाऱ्या यंत्राला ते निरुपयोगी. जाहिरातीतील डेसिबलचा आकडा कशाच्या तुलनेत आहे तेही विचारावे. सर्व दिशांना सारखे फेकणाऱ्या काल्पनिक एरियलशी तुलना केली की तोच माल द्विध्रुवाशी केलेल्या तुलनेपेक्षा २.१५ डेसिबलने मोठा दिसतो.

एरियलची लांबी ही शोभेची बाब नाही. एकतारीच्या तारेची लांबी जसा स्वर ठरविते, तशी एरियलची लांबी पट्टा ठरविते. ८६६ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३४.६ सेंटीमीटर, तिचा चतुर्थांश साडेआठ सेंटीमीटरच्या जवळपास. ४३३ मेगाहर्ट्झला तो सतरा सेंटीमीटरवर जातो आणि वायफायला तीन सेंटीमीटरवर येतो. बाहेरचे प्लॅस्टिक आवरण मात्र कितीही लांब असू शकते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी एरियल ओळखता येत नाही. त्यावरील अंकच पाहावा. चतुर्थांश लांबीच्या काडीला खाली धातूचा पत्रा लागतो. तो नसेल तर तिचा स्वर बिघडतो. उलट ज्या डबीच्या अंगावरच एरियल कोरलेले असते, तिच्याजवळ लोखंड, बॅटरी किंवा तारांचे वेटोळे आले की ती बहिरी होते. लोखंडी स्टार्टरपेटीत अशी डबी ठेवून झाकण लावणे म्हणजे रांजणात तोंड घालून हाक मारण्यासारखे आहे.

केबलविषयी थोडे. साधी पातळ केबल या पट्ट्यात दर मीटरला सुमारे अर्धा डेसिबल खाते. ती दहा मीटर लावली तर दोन-तृतीयांश शक्ती केबलमध्येच जिरते. म्हणून डबी खाली व एरियल वर असे न करता डबीच एरियलजवळ न्यावी. उंचीचे महत्त्व त्याहून अधिक आहे. ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीला एक किलोमीटरच्या वाटेत मध्यावर सुमारे सव्वानऊ मीटर त्रिज्येची मोकळी जागा हवी असते. उंच उसात ती मिळत नाही. दोन्ही टोकांची एरियले उंच केल्याने अडथळा संपूर्ण टळत नसला तरी पुष्कळ कमी होतो. अंतर दुप्पट करावयाचे तर मोकळ्या आकाशातही शक्ती चौपट लागते. पाच मीटरच्या पाइपाने मिळणारा लाभ त्या मानाने स्वस्त. मात्र मराठवाड्यात वळवाच्या पावसात विजा पडून दरसाल माणसे व जनावरे दगावतात. उंच पाइपाला चांगले भूसंयोजन करावे, आणि आभाळ गडगडू लागल्यावर त्याला हात लावू नये.

सिमकार्डावर चालणाऱ्या मोटारयंत्रांसंबंधी एक इशारा. संदेश नीट येत नाही म्हणून काही जण बाजारातून मोबाईल सिग्नल वाढविणारे यंत्र आणतात. परवानगीवाचून असे यंत्र लावणे बेकायदा आहे, आणि एका शेतातील यंत्राने आसपासच्या अनेकांचे फोन बिघडू शकतात. त्याऐवजी नियंत्रकाच्या निर्मात्याने दिलेले बाहेरचे एरियल उंचावर लावावे.

या सर्वांवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, रानात तपासावयास कोण येतो? तपासनीस येणार नाही हे मान्य. परंतु बागायतदारांच्या दोन पाळ्या चुकल्या, त्या तपासनिसाने चुकविल्या नाहीत. प्रमाणपत्राच्या मागे असलेली चाचणी ही मुख्यतः वापरणाऱ्याच्याच हिताची असते. दुसरा आक्षेप लहान कारखानदारांचा : एवढ्या अटी घातल्या तर माल महागेल. आम्हांस तसे वाटत नाही. डबीच्या निर्मात्याने आपल्या कागदपत्रांत चाचणीतील एरियलांची यादी बहुधा दिलेलीच असते. तीतील एरियल निवडावे, त्याचे नाव ग्राहकास सांगावे आणि सुटे भाग म्हणून तेच विकावे, याला खर्च तो किती? खर्च आहे तो यादीबाहेरचे एरियल चार पैशांनी स्वस्त मिळते म्हणून लावण्याचा मोह आवरण्याचा.

यासाठी पुढील व्यवहार रूढ व्हावा असे आम्हांस वाटते. शेतकऱ्याने पावतीवर यंत्राचा नमुना क्रमांक, त्याचा पट्टा व उपकरण प्रकार मान्यतेचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि त्याखाली एरियलची जात, गेन व कनेक्टर यांची नोंद करून घ्यावी. एरियल मोडल्यास हीच नोंद घेऊन दुकानी जावे. शेतकरी उत्पादक कंपन्या, पाणीवापर संस्था व शासकीय खाती यांनी निविदेत केवळ ‘प्रमाणित मॉड्यूल’ असे शब्द न घालता ‘चाचणी झालेल्या एरियलसह’ हे शब्द घालावेत. यंत्राची स्वीकृती एप्रिलच्या रिकाम्या रानात न करता सप्टेंबरच्या उभ्या उसात किंवा पुरुषभर तुरीत करावी. पैशांचा शेवटचा हप्ता त्या परीक्षेनंतर द्यावा. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ व जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे यांनी बियाण्याच्या उगवणचाचणीप्रमाणे बिनतारी यंत्रांचीही साधी क्षेत्रचाचणी आपल्या प्रक्षेत्रावर दाखवावी. तिला मोठी साधने लागत नाहीत. ठरावीक अंतरावरून शंभर संदेश पाठवावेत व किती पोचले ते मोजावे. हे काम शाळकरी मुलगाही करू शकेल.

सोयाबीनच्या पिशवीवरील चिठ्ठी वाचावयास आपला शेतकरी अनुभवाने शिकला. खताच्या गोणीवरील अंक तो वाचतो, औषधाच्या बाटलीवरील रंगीत त्रिकोण ओळखतो. डबीवरचा शिक्का व काडीवरचा अंक वाचण्यासही तो शिकेल. मात्र ते शिकविण्याची जबाबदारी विकणाऱ्यांची व आमच्यासारख्या विस्तार कार्यकर्त्यांची आहे. येत्या हंगामात यंत्र घेणाऱ्या चाकूर, नळेगाव, वडवळ नागनाथ भागांतील बंधुभगिनींस आमची विनंती एवढीच की, दुकानदाराने प्रमाणपत्र पुढे केले की ते हाती घ्यावे आणि शांतपणे विचारावे : याची चाचणी कोणते एरियल लावून झाली, आणि तेच एरियल या खोक्यात आहे काय? उत्तर लेखी मिळाले तरच पैसे मोजावेत.